सत्तर-दोनशेच्या आडून

आम्ही फोटो काढलेलं एक लग्न होऊन नऊ दिवस झाले होते. मुलीच्या वडिलांचा फोन आला तो दाजींना. मला सहसा कुणी फोन करत नाही, आणि त्याबद्दल तोवर माझी काही तक्रारही नव्हती. दाजी स्टुडिओच्या पायरीवर उभं राहून बोलत होते. पहिलं मिनिटभर त्यांचा नेहमीचा आवाज, म्हणजे समोरच्या पानपट्टीवाल्यालाही विषय कळावा असा. मग आवाज खाली आला. मग नुसतंच "व्हय... व्हय... न्हाई, ती चूकच झाली."

आत येऊन त्यांनी मोबाइल टेबलावर टाकला. "मामाचा फोटो न्हाई."

"कुठल्या मामाचा?"

"नवरीच्या. सख्ख्या. स्टेजवरचा, घरच्यांसकट, एक बी फोटो न्हाई. मामा रुसलाय. बहिणीच्या दारात पाऊल टाकत न्हाई म्हणतोय."

आपल्याकडची लग्नं ज्यानं पाहिलीत त्याला यातलं गांभीर्य सांगायला नको. नवरीला अंतरपाटापाशी घेऊन येतो तो मामा. पंगतीत मीठ कमी पडलं तर लोक विसरतील, मामाचा मान चुकला तर पुढच्या पिढीच्या लग्नातही तो विषय निघतो.

आणि मामांचे फोटो नव्हते असं नाही. हार्डडिस्क लावून मोजले तर चौदा निघाले, चौदाच्या चौदा मी काढलेले. अक्षता टाकताना, फेटा सावरताना, खांबाला टेकून उपरण्यानं डोळे पुसताना. तो डोळे पुसतानाचा तर मी मनातल्या मनात अल्बमच्या पहिल्या पानावर लावूनही टाकला होता. पण सगळे लांबून, बरेचसे बाजूनं, तीन पाठमोरे. मामा-मामी, त्यांची पोरं, मध्ये नवरा-नवरी आणि सगळ्यांची नजर कॅमेऱ्यात, असा एकही नाही.

त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. नवऱ्याचे मित्र दाजींना ड्रोनसाठी पार्किंगमध्ये ओढून घेऊन गेले होते आणि स्टेज पाऊण तास माझ्या एकट्याच्या ताब्यात होतं. त्या पाऊण तासात मामा दोनदा स्टेजच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले. मला दिसले. मामा आपणहून वर चढणार नाहीत, "या मामा" असं कुणीतरी म्हणायला पाहिजे, हेही कळत होतं. म्हणणारा माणूस त्या वेळी मीच होतो. मी लेन्सचा हूड उगाच फिरवत राहिलो. मामा थोडा वेळ थांबले, फेटा काढून हातात घेतला आणि जेवायला गेले.

दाजींनी तोडगा काढला तो दाजींच्याच पद्धतीचा. पुढच्या रविवारी नवरा-नवरीला पुन्हा शालू-शेरवानीत गाडीत घातलं, मामांच्या गावी नेलं, अंगणात उभं केलं, मामांना फेटा बांधला आणि फोटो काढला. तासाभरात रुसवा खलास, वर जेवूनही आले. अल्बममध्ये हॉलच्या ऑर्किडच्या फुलांनंतर एकदम मागं म्हशींचा गोठा दिसतो, पण मामांना तेच पान सगळ्यात आवडतं म्हणे.

मी त्या दिवशी गेलो नाही. सिलेक्शनचं काम आहे म्हणालो. होतंही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या आतल्या एका बोळात आमचा स्टुडिओ आहे; पासपोर्ट फोटोपासून सुरुवात, आता सगळा जोर लग्नांवर. अकरा वर्षांच्या भागीदारीत कामाची वाटणी कुणी कागदावर लिहिली नाही, ती आपोआप झाली. ऑर्डर आणणं, अ‍ॅडव्हान्स मागणं, स्टेज, ग्रुप, "गुरुजी, एक मिनिट" म्हणून भटजींना थांबवणं हे दाजी. कॅन्डिड म्हणजे नकळत टिपलेले फोटो, दागिने, रुखवत आणि नंतरचं सगळं अंधाऱ्या खोलीतलं काम, म्हणजे सिलेक्शन, कलर, अल्बमचं डिझाइन, हे मी. लग्न आटोपलं की दाजी पाहुण्यांबरोबर शेवटच्या पंगतीला बसतात आणि उठताना पुढच्या दोन ऑर्डरी खिशात असतात. मी तेवढा वेळ गाडीत काचा वर करून बसतो. बेंजो कानात वाजतच असतो. घरी जाताना रंकाळ्यावर पंधरा मिनिटं थांबल्याशिवाय माझ्या तोंडातून धड वाक्य निघत नाही, हे बायकोला आता पाठ झालंय.

लहानपणी मला घरात घुम्या म्हणत. "ह्याच्याकडनं शब्द काढायचा म्हंजे आडातनं घागर वढायची," हे आईचं वाक्य. फोटोग्राफीकडं मी वळलो तेच मुळी या कारणानं. ज्यांच्याकडं शिकलो त्या मास्तरांकडं याशिका ६३५ होता. १२० चा रोल, बारा फोटो. तो कॅमेरा पोटाशी धरायचा आणि वरून काचेत खाली बघायचं. समोरचा माणूस मान ताठ करून उभा आणि आपण मान खाली घालून. कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायला लागत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या बुजऱ्या पोराला आणखी काय पाहिजे? पुढं डिजिटल आलं, कॅमेरा डोळ्याला लागला, तेव्हा मी लपायला दुसरी जागा शोधली, लांबचं जवळ ओढणारी ७० ते २०० मिलिमीटरची झूम लेन्स. सत्तर-दोनशे.

हे कळलं मात्र मामा प्रकरणाच्या रात्री. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये वरच्या पट्टीत मेटाडेटाचा, म्हणजे फोटोसोबत साठलेल्या माहितीचा, फिल्टर असतो. कुठली लेन्स, किती फोकल लेंथ, सगळं निघतं. सहज म्हणून त्या लग्नातले माझे फोटो वेगळे केले. १,३८० निघाले. त्यातले हजाराच्या वर १३५ ते २०० मिलिमीटरमधले. दाजींचे काढले, तर जवळपास सगळे २४ ते ३५. एकाच हॉलमध्ये, एकाच दिवशी, दोघांनी दोन वेगळी लग्नं काढली होती.

ज्यांना हे आकडे लागत नाहीत त्यांच्यासाठी हिशेब सोपा करून सांगतो. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर माणूस कमरेपासून वर उभ्या फ्रेमभर घ्यायचा तर ३५ च्या लेन्सनं तुम्हाला त्याच्यापासून तीन फुटांवर उभं राहावं लागतं. २०० नं तोच माणूस सोळा-सतरा फुटांवरून मिळतो. तीन फुटांवर त्याच्या अत्तराचा वास येतो आणि तो तुम्हाला "जेवलासा का?" असं विचारू शकतो. सोळा फुटांवर तो तुम्हाला काहीही विचारू शकत नाही. मी अकरा वर्षं त्या तेरा फुटांत राहत होतो आणि त्याला कॅन्डिड म्हणत होतो.

अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द रूढ केले ते स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगनं, १९२१ साली. मूळ मुद्दा बोलका की मुका हा नव्हताच. माणसाचा जीव बाहेरच्या जगाकडं धावतो की आतल्या, हा होता. नंतर आयझेंक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं तर्क मांडला की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट त्याला लवकर पुरे होतो. हे वाचलं तेव्हा गाडीच्या वर केलेल्या काचा आठवल्या. आता तर यांना दोन कप्पे मानत नाहीत, एक लांब पट्टी मानतात आणि बहुतेक माणसं तिच्या मधल्या भागात कुठंतरी असतात. बुजरेपणा ही आणखी निराळी गोष्ट. माणसांत थकणं वेगळं, माणसांना भिणं वेगळं. माझ्यात दोन्ही होतं आणि मी दोन्हींना मिळून "स्वभाव" असं एकच भारदस्त नाव दिलं होतं.

अंतर्मुख की बहिर्मुख हे सांगणारी एक प्रश्नावली मी मोबाइलवर भरली, दाजींनाही भरायला लावली. चौथ्या प्रश्नाला त्यांनी बहिणीला हाक मारली, सहाव्याला शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, आणि सगळ्यांनी मिळून उरलेली भरली. निकाल बघायची गरजच नव्हती.

लपायला माझ्याकडं मोठमोठी नावंही होती. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवायचा, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. व्हिव्हियन मायर तर आमच्यातलीच. शिकागोत दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, मोकळ्या वेळात रस्त्यावर फोटो काढायची, आयुष्यभर फारसे कुणाला दाखवले नाहीत. लाखाच्या वर निगेटिव्ह निघाल्या, त्याही २००७ मध्ये कुणीतरी लिलावात तिचं सामान घेतलं म्हणून. ही दोन उदाहरणं मी दाजींच्या तोंडावर नेहमी फेकायचो. त्या रात्री त्यांचे फोटो पुन्हा बघत बसलो. कार्तिए-ब्रेसाँची आवडती लेन्स ५० ची. मायरच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याला झूमच नाही. तिच्या कितीतरी चौकटींत माणसं चार-पाच फुटांवर उभी आहेत आणि थेट तिच्याकडं बघतायत. दोघंही आडून बघत नव्हते. गप्प होते, पण जवळ होते. मी गप्प म्हणजे लांब असं समीकरण परस्पर मांडून मोकळा झालो होतो.

न्यूयॉर्कच्या रस्त्यावर लोकांच्या तोंडासमोर फ्लॅश उडवणाऱ्या ब्रूस गिल्डनचा व्हिडिओही दाजींना दाखवला. म्हटलं, हा तुमच्यातला. त्यांनी दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "ह्यो मंगळवार पेठेत आला तर कॅमेरा बी ठेवून जाईल आन् दात बी."

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. त्याच्या आधल्या आठवड्यात मी सत्तर-दोनशे बहिणीच्या कपाटात ठेवली आणि किल्ली तिच्याकडं दिली. अट एवढीच, लग्नसराई संपेपर्यंत मागितली तरी द्यायची नाही. तिनं ती किल्ली मंगळसूत्रात अडकवल्यासारखी जपली. डिसेंबरात मी दोनदा मागून बघितली.

सराव रस्त्यावर करायचा ठरवलं. पहिले चार दिवस भाऊसिंगजी रोड, कपिलतीर्थ मंडई, गुजरी. ३५ लावून बाहेर पडायचो आणि भाजीचे, पाट्यांचे, सायकलींचे फोटो घेऊन परत यायचो. मिरच्यांचे ढीग तर इतके काढले की एखाद्या मसाल्याच्या कंपनीचं काम झालं असतं. माणूस एकही नाही.

पाचव्या दिवशी सुभाषनगरात गेलो. कोल्हापुरी चपलांची दुकानं चप्पल लाइनला, पण करणारे हात बरेचसे इकडं, घराघरांत. एका उंबऱ्यात एक म्हातारे गृहस्थ वेणी घालत बसले होते. चामड्याच्या बारीक वाद्या, तीन पदर, केसांच्या वेणीसारख्याच पण नखानं दाबत दाबत. शेजारी गोंडे, कापून ठेवलेले कान. मी पाच-सहा फुटांवर कॅमेरा गळ्यात घालून उभा. काय बोलायचं ते घरातून पाठ करून आलो होतो, "नमस्कार, मी फोटोग्राफर आहे, आपली परवानगी असेल तर" वगैरे. त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हाताऱ्यांनी मान वर न करता विचारलं, "फोटू पायजे का चप्पल?"

"फोटो," मी म्हटलं.

"मग हुबं का? हुबं ऱ्हाऊन टकुऱ्याचा फोटू मिळंल. बसा की."

बसलो. उंबऱ्याला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्यात. त्यानंतर ते दहा मिनिटं काही बोलले नाहीत आणि मीही नाही. बोलायची गरजच नव्हती, हे मला त्या उंबऱ्यावर बसल्यावर कळलं. तो बुजरेपणा सगळा उभं राहण्यात होता. उभा माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, नाहीतर काहीतरी तपासायला. बसलेला नुसता बसलेला असतो. मी बोटांचे फोटो घेतले, नखात बसलेला चामड्याचा रंग घेतला, मग चेहरा. चेहरा घेताना ते सरळ लेन्समध्ये बघत होते. कौतुक नाही, राग नाही, पोरगं काय करतंय बघू या एवढंच. माझ्या आजवरच्या फोटोंत असं कुणी बघितलेलं नव्हतं. जाताना चप्पलही घेतली. दर काही कमी केला नाही.

एक मात्र त्या फोटोंत चुकलं. ३५ घेऊन चेहऱ्याच्या फार जवळ गेलं की नाक पुढं येतं आणि फ्रेमच्या कडेला असलेली गोष्ट ओढल्यासारखी ताणते. म्हाताऱ्यांच्या बाबतीत ते खपलं. लग्नात नवरीच्या आत्याला कडेला उभं केलं आणि ती दीडपट दिसली तर मामापेक्षा मोठं प्रकरण होईल. तेव्हा रुंद माणसं मधे, सडपातळ कडेला, आणि कडेला थोडी जागा सोडायची. दाजी हे अकरा वर्षं करत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "हे काय सांगायचं असतंय व्हय?"

दुसरी गोष्ट आवाजाची. नवा मिररलेस कॅमेरा घेतला तेव्हा मला सगळ्यात प्यारं काय असेल तर सायलेंट शटर. क्लिक नाही, कुणी वळून बघत नाही, स्वर्गच. आधी त्यानं तांत्रिक दगा दिला होता. हॉलच्या एलईडी लाइटांत तो शटर वापरला की फोटोवर आडवे पट्टे येतात, आणि एका रिसेप्शनचे साठेक फोटो मला फेकावे लागले होते. पण खरी गोष्ट या सीझनला कळली. जानेवारीतल्या एका हळदीत मी घरच्या बायकांचा फोटो घेत होतो. सात-आठ जणी, गाला-हाताला हळद, ओळीत. मी चार फोटो घेतले आणि त्या तशाच उभ्या. श्वास धरून, हसू थिजवून. शेवटी एक काकू न राहवून म्हणाल्या, "आवो काढताय का नुस्तं बघताय?" क्लिक ऐकूच आलं नव्हतं ना. क्लिक म्हणजे "झालं, सोडा श्वास" असा निरोप असतो. फोटोग्राफरनं समोरच्याशी बोललेला तो एक शब्द असतो, आणि मी तोही म्हणायचं बंद केलं होतं! तिथल्या तिथं मेन्यूत जाऊन आवाज चालू केला. क्लिक झाल्याबरोबर सगळ्याजणी सुटल्या, एकमेकींवर पडल्या, एकीनं दुसरीच्या नाकाला हळद लावली, आणि तो पुढचा फोटो त्या घराच्या दिवाणखान्यात लागलाय.

ग्रुपचा प्रश्न मात्र हा असा सुटेना. शंभर माणसांतून नेमकी सहा माणसं हाक मारून स्टेजवर आणायला दाजींसारखा गळा लागतो आणि दाजींसारखं तोंडही. "आवो पाहुणं, पोट आत घ्या, फ्रेम तेवढीच हाय." "वहिनी, सासरचं लगीन असल्यागत उभ्या ऱ्हायलाय, हसा की!" मी हे आरशासमोर म्हणून बघितलंय. बायकोनं दार लावून घेतलं.

मग मी माझ्या स्वभावाला जमेल अशी वाट काढली. लग्नाच्या दोन दिवस आधी घरी जाऊन चहा घ्यायचा. तिथं चार माणसंच असतात, तेवढी मला चालतात. मुलीच्या आईला विचारून कागदावर ग्रुप उतरवून घ्यायचे, मानाच्या क्रमानं. आजोळ, आत्या, चुलते, मग मैत्रिणी. आणि त्या तासाभरात एक माणूस हेरायचा. प्रत्येक घरात एक दाजी असतोच, कधी काका, कधी नवरीची चुलतबहीण, कधी तर नऊ-दहा वर्षांचं कार्टं. ज्याला सगळ्यांची नावं माहीत असतात, कुणाचं कुणाशी वाकडंय हेही माहीत असतं, आणि ज्याला ओरडायला आवडतं. तो कागद त्याच्या हातात द्यायचा. कागद हातात पडला की त्या माणसाची छाती दोन इंच फुगते आणि माझं काम होतं. मार्गशीर्षातल्या एका लग्नात असा कागद मी एका करवलीकडं दिला, पोरीनं चाळीस मिनिटांत सतरा ग्रुप चढवले आणि उतरवले, वर दाजींना सुनावलं, "तुम्ही मधे मधे बोलू नका, क्रम चुकतोय."

दाजी त्या दिवशी जेवताना गप्प होते. मला वाटतं तेव्हाच त्यांच्या डोक्यात आलं की आपणही काहीतरी करून बघावं.

कारण त्यांचीही गोम मला माहीत होती, त्यांना सांगायची हिंमत नव्हती इतकंच. दाजींच्या फोटोत सगळी माणसं हसतात, पण दाजींकडं बघून हसतात. वीस लग्नांचे अल्बम शेजारी शेजारी ठेवा, वीस घरांतली माणसं त्याच एका विनोदाला हसताना दिसतील. आणि पाठवणीला तर ते उभे असले की रडूही पुरतं येत नाही. बाप डोळे पुसायला लागला की दाजी "आवो, पोरगी इचलकरंजीला चाललीय, अमेरिकेला न्हाई" म्हणणार, लोक हसणार, तो बापही कसनुसा हसणार. आत्ता आत्तापर्यंत मला तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. सिलेक्शनला बसलं की कळतं. रडण्याचा फोटो नाही, हसण्याचा नाही, दोन्हींच्या मधला अवघडलेला चेहरा. अर्थात सिलेक्शनला दाजी कधी बसलेच नाहीत. साडेतीन हजार फोटो आणि एकटा माणूस, हे समीकरण त्यांना वीस मिनिटांच्या वर सोसत नाही. एकविसाव्या मिनिटाला चहा आठवतो.

फेब्रुवारीत एका तालमीतलं काम आलं. एका पैलवानाचे चांगले फोटो हवे होते, मानधन देणाऱ्याच्या डिजिटल बोर्डवर लावायला. गडी मोठा, सव्वाशे किलोचा, मैदानात दहा हजार माणसं शिट्ट्या मारतात तेव्हा शड्डू ठोकणारा. कॅमेरा दिसला आणि असा ताठला की शाळेतला झेंडावंदनाचा पोरगा बरा. दाजींनी सगळे बाण काढले. विनोद केले, खासबागेतल्या कुस्त्या काढल्या, वस्तादांची नक्कल केली. गडी जास्तच लाजला. कान लाल झाले. बाहेरून बहिर्मुख वाटणारा माणूस आतून कोण असतो हे बाहेरून कळत नाही. मला मात्र ते कान ओळखीचे वाटले.

मी दाजींना म्हटलं, जरा थंडाईचं बघा. ते गेले. मग मी पैलवानाला विचारलं, "आज हौदा उकरलाय का?" नव्हता. त्यानं फावडं घेतलं. तांबडी माती, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं, त्याचा एक आंबूस-गोड वास असतो, तो उकरल्याबरोबर वर आला. भिंतीत उंचावर एकच झरोका आणि त्याच्या उजेडात धुरळा. पाचव्या-सहाव्या फावड्याला तो मला विसरला. मी मातीतच बसलो, चपला बाहेर काढून, त्याच्यापासून चारेक फुटांवर. अर्धा हौदा झाल्यावर तो थांबला, काठावर बसला, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि पंचा खाली घेतल्यावर सरळ माझ्याकडं बघितलं. घाम, नाकाच्या शेंड्यावर माती, आणि डोळ्यांत कसलाच आव नाही. दोन क्लिक. तिसरं घ्यायचं धाडस झालं नाही, मोडलं असतं.

दाजी थंडाई घेऊन आले तोवर आम्ही दोघं गप्प बसलो होतो. "झालं?" त्यांनी विचारलं. पैलवान म्हणाला, "व्हय, ह्या पाव्हण्यांनी तरास न्हाई दिला." दाजींच्या चेहऱ्याचा फोटो तेव्हा काढायला हवा होता.

त्याच आठवड्यात त्यांनी माझी ८५ ची लेन्स मागून घेतली. एक पाठवणी ते काढणार, तोंडातून शब्द न काढता. मी पैज लावली नाही, नात्याचा प्रश्न असतो. पण बघत होतो. पहिली पाच मिनिटं दाजी नुसते खोकत होते. बोलणं आलं की खोकला. मग एकेक करत ते थांबलं. नवरीचे वडील गाडीच्या डिकीपाशी उभे होते. बॅगा लावून झाल्या होत्या, तरी ते एक पिशवी काढत, दुसरीकडं ठेवत, पुन्हा काढत. नारळाची पिशवी. चार वेळा त्यांनी तिची गाठ सोडून बांधली. कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे नवरीभोवती. दाजींनी ते सगळं काढलं, एकेक गाठ. शेवटच्या फोटोत वडिलांनी डिकी लावलीय आणि तळहात तसाच पत्र्यावर टेकवलेला आहे.

गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, "बोललो असतो तर बरं झालं असतं रे. लई आत लागलं." आणि रंकाळ्यापाशी आपणहून गाडी थांबवली. मी उतरलो नाही, ते एकटेच कठड्यावर जाऊन बसले. भेळवाल्याशी बोलायला लागले ते तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, पण तरी.

चैत्रात जोतिबाला गेलो. पौर्णिमेची यात्रा, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर. बाकी कुणाला ती गर्दी बघून धडकी भरत असेल, मला तिथं कधीच बुजल्यासारखं होत नाही. लाखो माणसांत कुणी तुमच्याकडं बघत नाही. एका माणसासमोर एकटं उभं राहणं मला त्याहून कठीण. सासनकाठ्या डुलतायत, "चांगभलं" चाललंय, गुलाल इतका की श्वासातून गुलाबी येतं. पूर्वी मी इथंही सत्तर-दोनशेच लावून पायऱ्यांच्या वर उभा असायचो. आणि गुलाल लेन्समध्ये शिरायचाच, दरवर्षी यात्रेनंतर सर्व्हिसिंगचा खर्च ठरलेला. यंदा ३५, वर प्लॅस्टिकची पिशवी रबरानं बांधलेली, आणि मी काठीच्या तळाशी, जिथं ती पेलणाऱ्यांचे खांदे एकमेकांना घासतात तिथं. एकानं माझ्या तोंडावर मूठभर गुलाल मारला आणि म्हणाला, "आता काढ!" काढला. लेन्समध्ये काही गेलं नाही. माझ्या कानांत आठवडाभर होतं.

मे महिन्यात, सीझनच्या शेवटच्या टप्प्यात, त्या पहिल्या घरातली ऑर्डर पुन्हा मिळाली. धाकट्या मुलीचं लग्न. ती कशी मिळाली ते दाजींनाच माहीत. अल्बम फुकट देतोय असं मला उशिरा कळलं. म्हणजे मामा तेच. ग्रुपचा कागद मी आधीच घेतला होता, आजोळ सगळ्यात वर, त्याखाली दोनदा रेघ मारलेली. कागद द्यायला घरातला दाजीही हेरला होता, नवरीचा एक आतेभाऊ. अक्षता झाल्या आणि हा आतेभाऊ कागद खिशात घालून नवऱ्याच्या मित्रांबरोबर कुठंतरी गायब झाला. दाजी जेवणाच्या हॉलमध्ये, आचाऱ्याशी वाद चालू. स्टेजवर नवरा-नवरी, खाली मी.

मामा पायरीपाशी आले. तोच फेटा बहुतेक. माझ्याकडं बघितलं, ओळखलं असावं, आणि खांबाकडं तोंड करून उभे राहिले.

माझ्या हातात ३५ होती, फिरवायला हूडसुद्धा नव्हता. तीन पावलं पुढं गेलो आणि एवढ्या वर्षांची थकबाकी असल्यासारखा आवाज निघाला, मी धरला होता त्याच्या तिप्पट.

"मामा! या वर!"

आठ-दहा माणसं वळली. लग्नाच्या हॉलमध्ये मामा म्हणून ओरडल्यावर दुसरं काय होणार? एक नवऱ्याचे मामा, एक कुणाचे तरी चुलतमामा, दोघं भटजींच्या ओळखीचे, एक आइस्क्रीमवाला. सगळे स्टेजकडं निघाले. खरे मामा सगळ्यात पुढं, फेटा सारखा करत. परत पाठवायचं कुणाला आणि कसं, ते मला जमणार नव्हतं. मी सगळ्यांना चढवलं, रुंद मधे, सडपातळ कडेला, आइस्क्रीमवाला डावीकडून दुसरा.